क्रॉइकचे चर्च: कानांसाठी बांधलेली इमारत

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, आर्डगे गावापासून दहाएक मैल आत, रस्ता जवळपास संपतो तिथे क्रॉइकचे छोटे प्रेस्बिटेरियन (बिशपांऐवजी पाळक आणि मंडळीचे ज्येष्ठ कारभार पाहतात त्या प्रॉटेस्टंट पंथाचे) चर्च आहे. बांधले १८२७ मध्ये, आराखडा टॉमस टेलफर्डच्या कचेरीचा. पूल आणि कालवे बांधणारा तोच टेलफर्ड. डोंगराळ भागातले पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले इलाखे, इतके लांबरुंद होते, की लोकांना चर्च गाठणेच अवघड. म्हणून १८२३ मध्ये संसदेने ५०,००० पौंड मंजूर केले आणि त्यातून ३२ चर्चे उभी राहिली. अट एकच: चर्च आणि पाळकाचे घर मिळून खर्च १,५०० पौंडांच्या आत. त्यामुळे सगळीकडे जवळपास एकच ठरीव नकाशा: साध्या भिंती, माथ्यावर छोटा घंटामनोरा, खिडक्यांना चपटी कमान.

क्रॉइकचा आकार इंग्रजी 'टी'सारखा. पुलपिट, म्हणजे पाळकाचे प्रवचनाचे उंच व्यासपीठ, टोकाला नाही, लांब भिंतीच्या मधोमध. तीन बाजूंना बाके, म्हणजे कुणीच पाळकापासून फार दूर नाही. वेदी नाही, मूर्ती नाही. उपासनेचा गाभा म्हणजे वचन ऐकणे, आणि इमारत त्यासाठीच बेतलेली.

पुलपिटाच्या पायथ्याशी गायन चालवणाऱ्याचे मेज. ऑर्गनला या पंथात कित्येक पिढ्या मज्जाव होता, त्यामुळे स्तोत्रे नुसत्या गळ्यावर. तो गेलिक या हायलँड्सच्या जुन्या भाषेत एक ओळ सांगे, मग मंडळी ती उचले, प्रत्येक जण आपापल्या हरकतींसह. नवख्याला हा गोंधळ वाटतो. गोंधळ नाही, चाल सगळ्यांची एकच असते.

समोरचे लांबलचक टेबल प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीचे. जुन्या पद्धतीत भाकर-द्राक्षारस बाकांवर फिरत नसे. लोक पाळीपाळीने टेबलाशी येऊन बसत आणि हातोहात पुढे देत. त्याआधी मंडळीचे निवडलेले ज्येष्ठ पात्र सभासदांना शिशाचा बिल्ला देत. बिल्ला नाही तर टेबलाशी जागा नाही. हा सोहळा गुरुवारी उपासाने सुरू होई, शुक्रवारी प्रश्नोत्तरे, शनिवारी तयारी, रविवारी भोजन, सोमवारी उपकारस्तुती. गर्दी मोठी, पण टेबलाशी येणारे मोजके. आपण अपात्र आहोत या धास्तीने बाकीचे मागेच राहत.

भिंतींवर हार्लिंग असते, म्हणजे चुना आणि जाड वाळू-खड्यांचा गिलावा. तो थापत नाहीत, थापीने भिंतीवर फेकतात. साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू. थंडी ५ अंशांखाली गेली की काम बंद, आणि नंतर काही दिवस गोणपाट लावून ओल टिकवायची. घाई केली तर पापुद्रे सुटतात. पण सर्वांत मोठी चूक सिमेंटची. बाहेरून भिंत टकटकीत दिसते, पण बारीक भेगांतून शिरलेले पाणी परत बाहेर पडत नाही आणि आतली लाकडे कुजतात. छपरावर पाटीच्या दगडाच्या फरशा असतात. स्कॉटिश रीतीत फरशी बहुधा वरच्या एकाच खिळ्यावर टांगलेली असते, म्हणून शेजारची बाजूला फिरवून फुटलेली बदलता येते. लोखंडी खिळे गंजले की मात्र चांगल्या फरशाही घसरू लागतात. तेव्हा एकेक बसवण्यात अर्थ नसतो, तांब्याचे खिळे घेऊन अख्खी बाजू पुन्हा घालावी लागते.

१८४३ मध्ये जमीनदाराने पाळक नेमण्याच्या हक्कावरून क्रॉइक ज्यात होते ते चर्च ऑफ स्कॉटलंड फुटले आणि फ्री चर्च हा वेगळा गट निघाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सनही तिकडे गेले. क्रॉइकची जवळपास सगळी मंडळीही गेली. दोन वर्षांनी, १८४५ च्या मे महिन्यात, मेंढ्यांच्या कुरणासाठी जवळच्या ग्लेनकॅल्वी खोऱ्यातल्या कुटुंबांना घरांतून काढले गेले. ऐंशीएक माणसे, लहान मुलांसकट, याच चर्चच्या आवारात कांबळी आणि ताडपत्र्यांच्या आडोशाला राहिली. आत कुणी गेले नाही. देवाच्या घरात संसार मांडणे त्यांना पाप वाटले.

पूर्वेच्या खिडकीला चौकटी तिरक्या, शंकरपाळ्यासारख्या काचांच्या. त्यांवर बाहेरून ओरखडलेली अक्षरे आहेत, बोली गेलिक असूनही इंग्रजीत. तारीख २४ मे १८४५. एका काचेवर लिहिले आहे, 'ग्लेनकॅल्वीचे लोक, दुष्ट पिढी'. दोष त्यांनी जमीनदाराला दिला नाही, शुभवर्तमानातले शब्द स्वतःलाच लावले. अशा काचा पुसताना ब्रश आणि रसायन दोन्ही वर्ज्य. ओरखडा इतका उथळ आहे, की उजेड तिरपा पडल्याशिवाय तो नीट वाचताही येत नाही.