सगळ्या पुस्तकांना एकच वही का?

‘विज्ञान, तत्त्वज्ञान, कॉम्प्युटर, विज्ञानकथा... सगळ्याची टिपणं एकाच वहीत? विषयवार वह्या का नाही करत?’ माझी वही चाळणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. शिस्तीचे लोक तर रंगीत चिकटपट्ट्या आणून देतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विषयवार वह्या केल्या, तर ॲलन ट्युरिंगचा १९५० सालचा लेख कुठल्या वहीत घालू? लिहिणारा गणिती, विषय कॉम्प्युटर, छापला ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात, आणि त्यात गाजला तो एक काल्पनिक खेळ. परीक्षकानं वेगळ्या खोलीत बसून टाइप केलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तर देणारा माणूस की यंत्र ते ओळखायचं. म्हणजे चारही वह्या हक्क सांगणार.

या लेखावरच्या माझ्या नोंदीत मोठमोठे मुद्दे नाहीत. एक बेरीज आहे. नमुन्याच्या प्रश्नोत्तरांत परीक्षक म्हणतो, ३४९५७ मध्ये ७०७६४ मिळवा. समोरून तीसेक सेकंदांनी उत्तर येतं, १०५६२१. वाचताना डोळा सरळ पुढे जातो. पण टिपण काढायचं म्हणून मी आकडे एकाखाली एक मांडले, हातचे धरले, तर शतकाच्या घरात सहाऐवजी सात आले. बरोबर उत्तर १०५७२१.

मुद्रणदोष? असेलही. पण काही पानांनी ट्युरिंगच लिहितो की या खेळासाठी तयार केलेलं यंत्र गणितांची बरोबर उत्तरं द्यायला जाणारच नाही. परीक्षकाला चकवायला मुद्दाम चुका करेल. म्हणजे ते तीस सेकंद थांबणंही सोंग आणि चूकही सोंग! ही गोष्ट त्या बेरजेबद्दल आहे असं तो कुठेच म्हणत नाही. गडी लिहिताना गालातल्या गालात हसला असणार, असं आपलं माझं मत.

माझी टिपणं ही अशी. सारांश मी लिहीत नाही, तो कुठेही मिळतो. जिथे अडलो, जिथे लेखकाशी भांडावंसं वाटलं, तेवढंच उतरवतो. उजव्या पानावर नोंद. डावं पान कोरं, पुढे दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं त्यात तोंड घातलं तर त्याच्यासाठी.

आणि पुस्तकं तोंड घालतातच. त्याच लेखात ट्युरिंग ‘यंत्राला विचार करता येईल’ या कल्पनेवरच्या नऊ आक्षेपांना उत्तरं देतो. (नववा टेलिपथीसारख्या शक्तींचा, आणि तोही तो गांभीर्यानं घेतो. ते पान मला अजून पचलेलं नाही.) सहावा आक्षेप एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज गणिती एडा लव्हलेसचा: यंत्र स्वतःहून नवं काही घडवत नाही, आपण सांगू तेवढंच करतं. हे तिनं १८४३ साली लिहिलं, आणि गंमत म्हणजे टिपणातच लिहिलं. चार्ल्स बॅबेजनं योजलेल्या ॲनॅलिटिकल इंजिन या हिशेबाच्या यंत्रावर इटलीच्या लुईजी मेनाब्रेआचा फ्रेंच लेख होता. तिनं तो इंग्रजीत आणला आणि त्याला ए ते जी अशी सात टिपणं जोडली. ती भरली मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट. सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या लिहिल्या गेलेल्या मुलखात याचं फार नवल वाटू नये.

लोक तिच्या शेवटच्या टिपणाचं कौतुक करतात, कारण बर्नुली संख्या (गणितातली एक ठरावीक संख्यामालिका) यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या याचा पायरीपायरीनं मांडलेला तक्ता त्यात आहे. मला पहिलं टिपण जास्त छळतं. त्यात ती म्हणते, सुरांमधले संबंध नियमांत बसवता आले तर हे यंत्र संगीतरचनाही करू शकेल. म्हणजे ‘ए’मध्ये संगीत रचणार आणि ‘जी’मध्ये नवं काही करणार नाही. डाव्या पानावर मी लिहिलंय, ‘मग चाल कुणाची?’

ट्युरिंगचं उत्तर असं की यंत्रं आपल्याला वारंवार चकित करतात. कारणही तोच देतो: आपण हिशेब घाईनं केलेला असतो. मग त्यात यंत्राचं कर्तृत्व ते काय? इथे मी लव्हलेसबाईंच्या बाजूचा आहे.

याच पानांमागे जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ येते. पुरातन, प्रगत संस्कृतीनं मागे ठेवलेल्या ज्ञानावरून माणसं यंत्रमानव बनवतात, आणि त्याला हवं असतं आपल्यासारखं आणखी घडवण्याचं तंत्र. कादंबरी म्हणून ती मला जागोजाग घाईची वाटते. पाहुणे येतात, माहिती सांगतात, निघून जातात. पण नाव काय नेमकं ठेवलंय! बटूला तीन पावलं जमीन दिली की पुढचं आपल्या हातात उरत नाही, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. ट्युरिंग विचारत होता, यंत्राला विचार करता येईल का. नारळीकर विचारतात, विचार करणारं यंत्र काय मागेल.

विषयवार वह्या असत्या तर हे दोघे समोरासमोर आलेच नसते. त्यांच्यामध्ये एक पान सोडून ठेवलंय, गणिती जॉन फॉन नॉयमनसाठी. स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्रांवरचं त्याचं अपुरं काम त्याच्या मृत्यूनंतर आर्थर बर्क्सनं पूर्ण करून १९६६ साली पुस्तकरूपानं आणलं. दिवाळीच्या सुट्टीत तेच घ्यायचं आहे.