सालाची झाडं का वाळतात? तुम्ही विचारलंत म्हणून

कान्हा नाहीतर अमरकंटक करून आलेली माणसं मला फोटो पाठवतात. हिरव्या जंगलात मधेच दोन-चार झाडं वाळून उभी, आणि खाली ठरलेला प्रश्न, "हे सालाचं काय झालंय, कुठला रोग आलाय?" मी झाडांचे रोग शिकले आणि नंतर काही वर्षं मध्य प्रदेशात मंडला-बालाघाटकडच्या सालवनात सर्व्हेच्या कामाला होते, एवढंच माझं क्वालिफिकेशन, पण ओळखीत दुसरं कोणी सापडत नाही म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. दरवेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देऊन कंटाळा आला, आता एकदाच लिहून टाकते. (मराठीत साल म्हणजे झाडाची सालही, त्यामुळे पुढे 'सालाची साल' असलं काही आलं तर सांभाळून घ्या. तिकडचे लोक सरळ सरई म्हणतात, त्यांची ही भानगडच नाही.)

मी आधी एकच विचारते, फोटो कुठल्या महिन्यातला? फेब्रुवारी-मार्चमधला असेल तर निम्म्या वेळा विषय तिथेच संपतो, कारण तेव्हा साल जुनी पानं टाकत असतो, सागासारखा पार उघडाबोडका होत नाही पण पिवळट, मरगळलेला दिसतो, आणि थोड्याच दिवसांत नवी तांबूस पालवी येते. तसंच रोपांचं. सालाचं रोप वर्षानुवर्षं वरून वाळतं आणि मुळातून परत फुटतं, वाळतं, परत फुटतं, जमिनीखाली मूळ चांगलं जाडजूड होईपर्यंत हा खेळ चालतो आणि मग एका वर्षी ते जे उठतं ते उठतंच. पाहणाऱ्याला वाटतं रोपं मेली. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं, मी वहीत चक्क 'मृत' लिहीत चालले होते, शेवटी सोबतच्या बीटगार्डने, म्हणजे वनखात्याच्या रखवालदाराने, एक काडी उपटून खालचं गाजराएवढं मूळ दाखवलं आणि काही न बोलता पुढे गेला.

आता पावसाळ्यानंतरचा फोटो असेल, मोठी झाडं शेंड्यापासून वाळलेली असतील आणि बुंध्याशी लाकडाच्या भुशाचा ढीग असेल, तर तो साल बोरर. भुंगा आहे, तपकिरी, मोठा असेल तर बोटाएवढा, नराच्या मिशा अंगापेक्षा लांब. पहिला चांगला पाऊस पडला की हे खोडांतून बाहेर पडतात, मादी सालीच्या भेगांमधे अंडी घालते, आणि अळ्या आधी सालीखालचं आणि मग आतलं पक्कं लाकूड पोखरत जातात. जोरात लागण झालेल्या झाडापाशी शांत उभं राहिलं तर आतली करकर ऐकू येते. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं कोणीतरी लांब करवत चालवतंय.

यावरचा इलाजही बघण्यासारखा आहे. एखादा ताजा साल पाडून त्याचे ओंडके करायचे, टोकं ठेचायची, साल सैल करायची म्हणजे आतला रस पाझरतो. त्या वासावर भुंगे लांबून येतात आणि रस पिऊन इतके सुस्त होतात की हाताने उचलावेत. सरकारी भाषेत ट्रॅप ट्री ऑपरेशन. गावातले लोक ते वेचतात, मुंडकी तोडतात आणि मुंडक्यांच्या मोजणीवर पैसे मिळतात. 1920च्या दशकात मंडल्यात या भुंग्याची मोठी साथ आली होती आणि 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशात पुन्हा आली, तेव्हा लाखो झाडांना लागण झाली. शिवाय 12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाने मंजूर वर्किंग प्लॅनशिवाय (म्हणजे वनखात्याच्या तोडीच्या आणि देखभालीच्या आराखड्याशिवाय) जंगलतोड थांबवायला सांगितलेलं, त्यामुळे लागलेली झाडं पाडायची की नाही, पाडायची तर कुठपर्यंत लागलेली, आणि किड्याच्या नावाखाली चांगलं लाकूड तर जात नाही ना, यावरून रणकंदन झालं.

बहुतेकांना उत्तर इथेच संपायला हवं असतं. "अच्छा, म्हणजे बोरर." आणि इथेच माझं लोकांशी भांडण आहे, कारण बोरर काही बाहेरून आलेला नाही, तो त्याच जंगलातला, दरवर्षी असतो, एरवी पडलेल्या आणि मरायला टेकलेल्या झाडांवर गुजराण करतो. धडधाकट सालात अळी शिरली तर झाड राळ सोडतं, हो तीच धुपातली राळ, आणि बारकी अळी त्यात बुडून मरते. म्हणजे प्रश्न असा विचारायला हवा की त्या वर्षी इतक्या झाडांना राळ सोडायची ताकद का नव्हती. मरणाला निमित्त लागतं म्हणतात ना, तसा बोरर हे निमित्त. कारण बऱ्याचदा त्याच्या मागे उभं असतं.

मी स्वतः यात तोंडावर आपटलेय. एका ओढ्याकाठी पंचवीस-तीस सालांचा पट्टा वाळत होता, खोडांना भोकं, खाली भुसा, मी रिपोर्टात बोरर लिहून मोकळी झाले. पुढच्या वर्षी परत गेले तर वाळलेली झाडं सगळी रस्त्याच्या वरच्या अंगाला, आणि खालच्या अंगाला तोच भुंगा, तीच माती, पण झाडं ठणठणीत. तेव्हा कुठे खड्डा खणायचं सुचलं. दोन हातांवर पाणी लागलं, मुळं काळी पडलेली, बोटाने साल निघून यायची आणि कुजका, गटारासारखा वास. सालाला निचऱ्याची जमीन लागते, पाण्यात पाय ठेवून तो जगत नाही. काही वर्षांपूर्वी तो जंगलरस्ता भर टाकून उंच केला होता आणि ओढ्याला मोरी ठेवलीच नव्हती किंवा ठेवली ती बुजली होती, ते काम कोणाचं यात मी पडत नाही. पाणी तुंबलं, मुळं गेली, मग भुंगा आला आणि नाव त्याचं झालं.

ही मांडणी माझ्या डोक्यातली नाही. पॉल मॅनियन नावाच्या वनरोगतज्ज्ञांनी 1981 मधे ती नीट मांडली. आधी वर्षानुवर्षं झाडाला कमकुवत करणाऱ्या गोष्टी, म्हणजे वाईट जमीन, दाटी, म्हातारपण. मग एखादा दणका, म्हणजे दुष्काळ किंवा तुंबलेलं पाणी. आणि शेवटी किडे आणि बुरश्या, ज्या डोळ्याला दिसतात म्हणून आळ त्यांच्यावर जातो.

प्रत्येक वेळी असंच असतं असंही नाही हं. अमेरिकन चेस्टनट खरंच एका बुरशीने मारला, 1904 मधे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात ती दिसली, बाहेरून आलेली, झाडाकडे तिच्यावर उपायच नव्हता, आणि पन्नास वर्षांत ते जंगल गेलं. उलट अलास्काचा यलो सीडर. तो शंभरएक वर्षं मरत होता, लोक बुरशी शोधत होते, किडे शोधत होते, काहीच पुरेसं सापडेना. शेवटी निघालं काय, तर हिवाळ्यात बर्फ कमी पडायला लागला, जमिनीवरचं पांघरूण गेलं आणि वरवरची नाजूक मुळं वसंतातल्या एखाद्या थंडीच्या झटक्यात गोठून मरायला लागली. हवामान गरम होतंय आणि झाड गारठून मरतंय! मला हे उदाहरण फार आवडतं, आणि कोणी छातीठोकपणे एकच कारण सांगायला लागलं की मी ते हमखास काढते.

"साल संपतोय का" याचं उत्तर द्यायचं तर वाळलेल्या मोठ्या झाडांपेक्षा मला खालची जमीन जास्त छळते. सालाचं बी पावसाच्या तोंडावर पिकतं, पाच पंखांवर भिरभिरत खाली येतं, आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं. साठवून ठेवता येत नाही. बी पडलं आणि पाऊस लांबला की त्या वर्षाची पिढी गेली. त्यात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली लावलेली आग पसरते, गुरं चरतात, तेलासाठी बी गोळा होतं, आणि मघाशी सांगितलेला तो वाळण्या-फुटण्याचा खेळ रोपाला वर्षानुवर्षं तसाच खेळत बसावं लागतं, उठायला उसंतच नाही. वर मोठी झाडं हिरवीगार असतात, फोटो सुंदर येतो, आणि अशा जंगलाबद्दल मला कोणी विचारत नाही.

त्या ओढ्याकाठच्या पट्ट्यात मी नंतर एकदा गेले होते. रस्त्याखाली आता पाइप टाकलेत, पण अर्धे गाळाने भरलेले. सालाचे ओंडके कधीच उचलून नेलेले होते, त्यांच्या जागी चिखलात अर्जुनाची रोपं मजेत उभी होती. चढावर वीसेक पावलं गेल्यावर सालाची एक वाळकी काडी दिसली, बोटाएवढी, वाकून पाहिलं तर बुडाशी दोन तांबडी पानं.