ऑरेंजरीची नोंद: कंदील बसला, पण १३ मिलिमीटरचा हिशोब द्यावा लागला

मंडळी, माझ्या ऑरेंजरीच्या, म्हणजे लिंबाच्या जातीच्या झाडांसाठी बांधत असलेल्या खोलीच्या, छतातला काचेचा कंदील बसला. मागच्या नोंदीत विटांचे खांब लिंटेलपर्यंत, म्हणजे खिडक्यांवरच्या आडव्या तुळईपर्यंत, आले होते आणि छताचं लाकूड येऊन पडलं होतं. त्यानंतर अकरा आठवडे इथे शुकशुकाट होता, कारण सांगण्यासारखं जे काही घडलं होतं ते कबूल करायची लाज वाटत होती. आता काच वर चढली आहे, पहिला मोठा पाऊस होऊन गेला आहे, तेव्हा सगळं सांगून टाकतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून ६ बाय ४ मीटरची खोली. तीन बाजूंना विटांचे जाड खांब, खांबांच्या मध्ये उंच खिडक्या, वर कडेकडेने सपाट पक्कं छत आणि मधोमध ३ बाय दीड मीटरचा, चारी बाजूंनी उतरता काचेचा भाग. त्याला लँटर्न म्हणतात. मी कंदील म्हणायला लागलो आणि आता कामावरचे सगळेच कंदील म्हणतात. सगळीच काच का नाही लावली, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. सगळी काच म्हणजे दुपारी भट्टी आणि पहाटे शीतपेटी. लिंबाच्या जातीच्या झाडांना एका दिवसातला हा हेलकावा सोसत नाही. विटा दिवसाची ऊब पोटात धरतात आणि रात्री हळूहळू सोडतात, म्हणून विटा.

पण नुसत्या विटा आणि खिडक्याही पुरत नाहीत, आणि हे बड्याबड्यांना कळायला वेळ लागला होता. लंडनच्या क्यू बागेतली ऑरेंजरी विल्यम चेंबर्स यांनी १७६१ मध्ये बांधली. दिसायला देखणी, पण छत पक्कं. आत उजेड एवढा कमी की झाडं जोम धरेनात. शेवटी १८४१ मध्ये झाडं तिथून हलवली. म्हणून माझ्या नकाशात कंदील पहिल्या दिवसापासून होता. बैठकीची शोभा म्हणून नाही, झाडांच्या शेंड्यांना वरून उजेड हवा म्हणून.

आता कबुलीजबाब.

पाया आखताना चारी बाजू बरोबर आल्या म्हणजे खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आली असं नसतं, कर्ण मोजावे लागतात. ६ बाय ४ ला दोन्ही कर्ण ७.२११ मीटर यायला हवेत. माझे आले ७.१९५ आणि ७.२२८. तेहतीस मिलिमीटरचा फरक, म्हणजे चार मीटरच्या बाजूला एक टोक दुसऱ्यापेक्षा साधारण वीस मिलिमीटर सरकलेलं. गवंड्याने दोरी दोन बोटांत धरून एकदा नजर टाकली आणि म्हणाला, "दादा, गुण्यात नाही हं हे. दोरी परत लावू." काँक्रीटची गाडी तासाभरात येणार होती. मी म्हटलं, "विटेत जिरेल हो."

विटेत काही जिरत नाही. चांगला गवंडी असला तर मुळीच जिरत नाही, कारण तो प्रत्येक थर ओळंब्यात आणि खालच्या थराला धरून लावतो. माझी चूक त्याने अतिशय प्रामाणिकपणे साडेतीन मीटर उंच नेली. तुळयाही भिंतींनाच समांतर पडल्या. आणि तुळयांवर मी जी कंदिलाची बैठक केली, म्हणजे छतापासून १५० मिलिमीटर उंच अशी लाकडी चौकट, तीही त्याच वाकड्या अंगाने उभी राहिली. तिचे कर्ण मोजले तेव्हा फरक १३ मिलिमीटर. कंदिलाच्या कागदावर लिहिलेलं: ५ पेक्षा जास्त चालणार नाही.

काच मापाने बनून आली होती. बाहेरचं तावदान टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेलं, आतलं लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेलं. टफन्ड काच भट्टीतून बाहेर पडली की संपलं; मग तिला कापता येत नाही, घासून कडा कमी करता येत नाहीत, कोपरा मारायला गेलात तर सगळ्या तावदानाचा चुरा. वजनही हातचं नाही: काचेच्या दर मिलिमीटर जाडीमागे चौरस मीटरला अडीच किलो. सहा अधिक सहाची जोडी म्हणजे चौरस मीटरला तीस. असं तावदान चार जणांनी शिडीवर धरलेलं असताना "जरा थांबा, बसत नाही" म्हणायची वेळ आली नाही, एवढंच माझं नशीब. आदल्या संध्याकाळी कर्ण मोजले होते.

दुरुस्ती अशी केली. लांबीच्या दोन बाजू तशाच ठेवल्या. आखूड बाजूंच्या दोन्ही फळ्या काढल्या आणि तुळईकडे न बघता नव्याने गुण्या लावून बसवल्या. तुळई आणि फळीमध्ये जी फट पडली ती एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला साडेसात मिलिमीटर. तिच्यात प्लायची निमुळती पाचर: आधी पुठ्ठ्यावर आखली, मग प्लायवर, कापल्यावर रंध्याने दोन वेळा उतरवली, गोंद लावून आणि दर वीस सेंटिमीटरला स्क्रू मारून बसवली. शेवटचे कर्ण ३.३५४ आणि ३.३५६. त्या दोन मिलिमीटरांवर मी गप्प बसलो.

किंमत मोजलीच. आतून बघितलं तर कंदिलाच्या आखूड कडेपासून भिंतीपर्यंतची छताची पट्टी एका टोकाला दुसऱ्यापेक्षा जवळजवळ आठ मिलिमीटर रुंद आहे. सुतार म्हणतो, नक्षीची पट्टी मारून लपवू. मला तशी पट्टी आवडत नाही. जमिनीवर उताणं पडलं तरच दिसतं, आणि तसा पडून बघणारा आत्तापर्यंत मी एकटाच आहे.

छपराच्या पाण्याबद्दल. सपाट छत खरं तर सपाट नसतंच. तुळयांवर निमुळत्या पट्ट्या ठोकून दर मीटरला २५ मिलिमीटर ढाळ दिला, पन्हळीच्या बाजूला. वर रबराची एकसंध चादर. ती घडी करून येते, तेव्हा पसरून अर्धा तास तशीच पडू द्या, सुरकुत्या आपोआप निघतात. मी घाई केली असती तर त्या डिंकाखाली कायमच्या अडकल्या असत्या. चादर मस्त बसली. गळलं ते दुसरीकडेच, जिथे नवं छत जुन्या भिंतीला भेटतं तिथे.

पाइपने तासभर पाणी सोडून बसलो होतो. आधी काहीच नाही. मग आतून भिंतीवर, तुळईच्या वर चार बोटं, एक काळपट डाग उमटला. नाण्याएवढा. दहा मिनिटांत तळहाताएवढा. शिडी लावून वर गेलो. भिंतीच्या दर्जेत, म्हणजे विटांमधल्या सांध्यात, खाच मारून शिशाचा पत्रा आत घालायचा असतो, किमान २५ मिलिमीटर, आणि मग खाच भरायची. एका जागी विटेत दगडासारखा कठीण भाग लागला होता म्हणून खाच जेमतेम दहाची झाली होती. थेंब पत्र्याच्या काठावर यायचा, खाली पडण्याऐवजी पत्र्याला चिकटून आत ओढला जायचा आणि विटेत गायब व्हायचा. टॉर्च मारून तो एक थेंब मी तीन वेळा आत जाताना पाहिला. खाच पुन्हा खोल केली, पत्रा बदलला, परत तासभर पाणी. कोरडं. ही खाच मीच मारली होती, गवंड्याने नव्हे, हेही लिहून ठेवतो.

परवानगी, नकाशे, घराची भिंत फोडून वर टाकायची तुळई: हे प्रकार स्ट्रक्चरल इंजिनियरवर सोडा, यात हौस करू नका.

उन्हाचं सांगतो, कारण त्यात मजा आली. काच बसल्यावर पहिल्या निरभ्र दुपारी सगळं बंद ठेवून दोन थर्मामीटर टांगले. गुडघ्याच्या उंचीवर २७ अंश, कंदिलाच्या पोटात ३८. हिशोब करून बघा: काचेचं क्षेत्र धरा साडेचार चौरस मीटर, भर दुपारी चौरस मीटरवर आठशे वॅट पडतात असं धरा, आणि ऊन अडवणाऱ्या काचेतून त्यातला ३५ टक्के भाग आत येतो असं धरा. साधारण साडेबाराशे वॅट. म्हणजे छताला एक हीटर टांगलेला आहे आणि त्याचं बटण आपल्या हातात नाही. साधी दुहेरी काच असती तर याच्या जवळपास दुप्पट.

मग कंदिलाची वरची झडप उघडली आणि खिडक्यांखालच्या, जमिनीलगतच्या दोन झडपाही. टिश्यू पेपरची बारीक पट्टी खालच्या झडपेपाशी धरली तर ती सरळ आत आडवी झाली. नुसती वरची उघडी ठेवली, तर पट्टी आळसावल्यासारखी लोंबत राहिली. गरम हवेला वर वाट दिली तरी तिच्या जागी गार हवा खालून यायला हवी, नाहीतर ती हलतच नाही. दोन्ही उघड्या ठेवल्यावर वीस मिनिटांत वरचा पारा ३१ वर आला. खालच्या झडपा नकाशात नव्हत्या. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

सकाळी उलटी कटकट. झाडांना पाणी घातलं की हवेत दमटपणा येतो. २० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू १४ च्या आसपास. खिडकीची धातूची चौकट त्याहून गार झाली की तिच्यावर पाणी. म्हणून आता पाणी सकाळी घालतो, संध्याकाळी नाही. दिवसभर हवा खेळते आणि रात्रीपर्यंत कुंड्यांचा वरचा थर सुकतो.

झाडं अजून सातच आहेत. चार लिंबं, दोन कुमक्वाट, एक कॅलमॉंडिन (हीही लिंबाच्या जातीचीच, छोट्या फळांची). त्यातल्या एका लिंबाने दोन आठवड्यांत वीसेक पानं टाकली, हिरवीगार, देठासकट. कीड शोधली, भिंग घेऊन पानांच्या पाठी बघितल्या, खवले कीड नाही, लाल कोळीही नाही. मग कुंडीच्या मातीत थर्मामीटर खुपसला: ९ अंश. वर ऊन खात बसलेली पानं पाणी मागतात आणि खाली गारठलेली मुळं देत नाहीत. १३ अंशांच्या खाली ती जवळजवळ झोपलेलीच असतात. झाड मग पानंच टाकून हिशोब जुळवतं. ही कुंडी फरशीवर थेट, दाराच्या गाळ्याजवळ होती, आणि दार अजून बसलेलं नाही, तिथे नुसतं प्लास्टिक ताणलेलं आहे. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या ऑरेंजरीतल्या झाडांच्या लाकडी पेट्यांना पाय असतात. चित्रात कितीदा पाहिले होते, पण ते शोभेचे वाटत होते. आता सगळ्या कुंड्या दोन-दोन लाकडी पट्ट्यांवर आहेत, खालून हात जाईल एवढी जागा ठेवून. लिंबाची गळ थांबली आहे, नवी फूट अजून नाही.

पुढचं काम दाराची चौकट. गाळ्याचे कर्ण काल रात्री मोजले, फरक ४ मिलिमीटर. सुताराला सकाळीच फोन करून सांगितलं की चौकट गाळ्याच्या मापाने नको, गुण्यात बनव, फट मी भरेन. तो दोन क्षण गप्प बसला आणि म्हणाला, "बरं, पण फट कोणत्या बाजूला ठेवू?" ते ठरवायला आज संध्याकाळी परत टेप घेऊन जातो आहे.