मिठाच्या काड्या आणि आमच्या बाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आला तेव्हा खरं तर गॅदरिंग, सहल, मैदान असलं सगळं लिहायचं ठरवलं होतं. पण बसलो आणि केमिस्ट्रीच्या बाईच समोर उभ्या राहिल्या, त्यामुळे बाकीच्यांनी राग मानू नका. नाव लिहायची गरज नाही, आपल्या बॅचला "बाई" म्हटलं की एकच.

लॅबमधल्या काचेच्या कपाटात ती बॉल आणि काड्यांची दोन मॉडेल्स होती, बॉल म्हणजे अणू आणि काडी म्हणजे त्यांना जोडणारा बंध, आठवतंय ना? एक हिऱ्याचं, एक मिठाचं. अकरावीला सॉलिड स्टेट, म्हणजे घन पदार्थांचा धडा, शिकवताना बाईंनी दोन्ही टेबलावर ठेवली आणि विचारलं, यातल्या कुठल्या काड्या खऱ्या? आम्ही सगळे गप्प. मग त्यांनी मिठाच्या मॉडेलची एक काडी चक्क उपटली आणि म्हणाल्या, "ही फक्त बॉल पडू नये म्हणून आहे." मिठातला सोडियमचा आयन, म्हणजे प्लस भार असलेला अणू, हा जणू पेटलेला बल्ब, उजेड चहूकडे सारखाच, तो कुणा एका क्लोराइडकडे, म्हणजे मायनस भाराच्या शेजाऱ्याकडे, बोट दाखवत नाही. शेजारी सहा बसतात कारण त्या मापाचे तेवढेच नीट मावतात, सिझियम मोठा म्हणून सिझियम क्लोराइडमध्ये आठ. पण हिऱ्यातल्या कार्बनला चारच शेजारी आणि तेही 109.5 अंशांवरच, दोन अणूंच्या मधोमध इलेक्ट्रॉन खरोखर दाटलेले असतात, तिथली काडी खरी. म्हणून हिऱ्यात एवढी रिकामी जागा, अणू गोळे धरले तर जेमतेम 34 टक्के भरलेली, आणि तांब्या-सोन्यात 74, कारण धातूत इलेक्ट्रॉन सगळ्यांचे, दिशेची अट नाही, मग बारा शेजारी घेऊन दाटीवाटीने बसायला कोण अडवतंय.

लॅब असिस्टंट काका मात्र त्या उपटलेल्या काडीवरून दोन दिवस कुरकुरत होते. ती परत कधी नीट बसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मिठाचा एक मोठा स्फटिक आणला, त्यावर ब्लेड टेकवून हलकेच टकटक केलं आणि तो सपाट चिरला, चिरलेला तुकडा परत काटकोनात. मी लगेच शहाणपणा केला, बाई, सरळ तुटतोय म्हणजे बंधाला दिशा आहेच की! बाई चिडल्या नाहीत. थर अर्धं घर, म्हणजे एका आयनाची जागा, सरकला की प्लससमोर प्लस येतो आणि ते एकमेकांना ढकलतात म्हणून मीठ ठिसूळ, आणि सरळ तुटतं ते मांडणीमुळे, असं फळ्यावर काढून दाखवलं. तांब्याच्या तारेवर हातोडी मारली तर ती नुसती चपटी झाली, थर सरकले तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आज माझं पोट सिलिकॉनवर चालतं. वेफरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या, कडेला हिऱ्याच्या टोकाने बारीक खूण करायची, हलका दाब द्यायचा, की 100 दिशेचा वेफर (हे आकडे म्हणजे स्फटिक कुठल्या दिशेने कापलाय ते) काटकोनात तुटतो आणि 111 चा साठ अंशांत, पट्टी न लावता. इथे सरळ तुटण्यामागे खरोखरच काड्या आहेत. नवीन मुलांना मी हेच सांगतो की मीठही सरळ तुटतं, सिलिकॉनही, पण तुटलेली कड बघून बंधाचा स्वभाव ठरवू नका. दुसरं म्हणजे सिलिकॉन वितळला की आकसतो, घनता घन सेंटिमीटरला 2.33 ग्रॅमवरून 2.57 च्या आसपास जाते, कारण चार शेजाऱ्यांची ती शिस्त मोडते आणि अणू जवळ येतात. बर्फाचंही तेच, हायड्रोजन बंधालाही दिशा लागते म्हणून बर्फ पोकळ आणि पाण्यावर तरंगतो. हे मी पहिल्यांदा मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा माझा टोनसुद्धा बाईंचाच होता असं नंतर जाणवलं.

मागे शाळेत आलो होतो. लॅब चकाचक झालीय, स्मार्टबोर्ड वगैरे, छानच आहे. पण त्यावर मिठाचं गोल गोल फिरणारं ॲनिमेशन चालू होतं आणि त्यात काड्या! हिऱ्याला जशा तशाच मिठाला, त्याच जाडीच्या. तिथल्या नवीन सरांना मी सांगायला गेलो तर बेल झाली. आणि कपाट गायब. ती मॉडेल्स कुणी अडगळीत पाहिली असतील तर समितीमार्फत मला कळवा, मिठाचं मॉडेल एक काडी कमी असलेलंच हवंय, दुरुस्त करून देऊ नका.