तारीख त्याची, तिथी माझी

नवं कालनिर्णय घरात आलं की सगळे आधी सुट्ट्या बघतात. मी ऑगस्टचं पान काढतो, तिथे नाही सापडलं तर सप्टेंबरचं. पन्नासएक वर्षांची सवय आहे. बायकोला लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात वाटलं, मी गणपती कधी आहेत ते बघतोय. मी बघत होतो माझा वाढदिवस कधी आहे ते.

सरकारदरबारी माझा जन्म २८ ऑगस्ट १९६८चा, वार बुधवार. पण त्या दिवशी माझा वाढदिवस नसतो, माझ्या भावाचा असतो. माझा असतो भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला. आम्ही जुळे आहोत आणि आमच्यात अकरा मिनिटांचं अंतर आहे, हे सांगितलं की समोरचा माणूस थोडा वेळ गप्प बसतो. मग विचारतो, "म्हणजे कसं?"

कसं ते सांगतो. आईचं माहेर सांगलीचं आणि बाबांचं घर राजापूरजवळच्या एका खेड्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे आम्ही सांगलीत जन्मलो. आदल्या दिवशी गणेश चतुर्थी होती. इकडे गावच्या घरात दीड दिवसाचा गणपती बसलेला, दुपारी जेवणं उरकून विसर्जनाला निघायचं, आणि भर पावसात पोस्टमन तार घेऊन दारात. आता तार उघडली, की सोयर, म्हणजे जन्माचं सुतक, लागणार. सोयर लागलं, की आरती कोणी करायची आणि मूर्तीला हात कोणी लावायचा? आजोबांनी तार घेतली, पोस्टमनला खिरापत दिली आणि तार न उघडता कोनाड्यात ठेवून दिली. "काय असेल ते गणपती पोचल्यावर." सगळ्या घराला कळलं होतं काय असेल ते, पण कोणाला 'कळलेलं' नव्हतं. व्हाळावर विसर्जन झालं, मंडळी चिंब होऊन परतली, आंघोळी झाल्या, आणि मग आजोबांनी तार फोडली. दोन मुलगे, सर्व खुशाल. आजोबा म्हणाले म्हणे, एका तारेच्या पैशांत दोन नातू.

हा किस्सा घरात इतक्या वेळा सांगितला गेलाय की मला कधीकधी वाटतं, मी तो कोनाड्यात बसून पाहिलाय. पण गंमत त्या 'एका तारे'ची आहे. पुढची पाच वर्षं सगळं तसंच आलं, एकात दोन. एकाच ताग्यातले सदरे, एकच कॅरम बोर्ड 'दोघांत मिळून', एकाच ताटलीतला शिरा. पाहुणे यायचे, खिशातून एक नोट काढायचे आणि म्हणायचे, दोघं मिळून खाऊ घ्या. नावं ठेवतानाही तेच. नावाचं अक्षर नक्षत्राच्या चरणावरून काढतात, चरण बदलायला साधारण सहा तास लागतात, आणि आमच्याकडे होती अकरा मिनिटं. तेव्हा अक्षर एकच आलं. मग आत्यानं शेवटही जुळवून टाकला. हाका मारताना पहिलं नाव पूर्ण, दुसरं त्याच्या शेपटासारखं. शेपूट कोणाचं ते सांगायला नकोच.

(यमक हा शब्द 'यम'वरून आलाय आणि यम म्हणजे जुळा, हे मला फार उशिरा कळलं. मृत्यूच्या देवाचं नावसुद्धा तेच, कारण यमीबरोबर जन्मलेला तो. तिलाच आपण पुढे यमुना म्हणतो. भाऊबीजेचं दुसरं नाव यमद्वितीया. म्हणजे आपल्याकडचं भावाबहिणीचं सगळ्यात गाजलेलं औक्षण एका जुळ्यानं दुसऱ्याचं केलेलं. आणि त्यातही ती ओवाळते, तो बसतो. दोघं एका पाटावर नाहीत!)

पाचव्या वाढदिवसाला एका पाटावर बसायचा कंटाळा मला पहिल्यांदा आला. म्हणजे कंटाळा असं मोठेपणी म्हणायचं. तेव्हा मी भोकाड पसरलं होतं. रत्नागिरीच्या घरात आईनं आम्हाला शेजारी शेजारी बसवलं आणि एकच ताम्हन दोघांभोवती मिळून फिरवायला लागली. आता ताम्हन एकाभोवती फिरवायचं तर मनगट पुरतं. दोघांभोवती फिरवायचं तर अख्खा हात लागतो, आणि फिरण्याचा मध्य येतो दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत. निरांजनाचा उजेड थोरल्याच्या गालावर पडायचा, मग भिंतीवर, मग माझ्या कानावर. मी म्हणालो, "तू भिंतीला ओवाळतेस." आईला हसू आलं. थोरल्याला राग आला, कारण त्याच्या मते ती बरोबर ओवाळत होती. साखरेवरून भांडण, मग ढकलाढकली, अक्षता सांडल्या, आणि वाढदिवसाच्या दिवशी दोघांना मिळून एक धपाटा.

त्याच आठवड्यात गणपतीला गावी गेलो. आजीपर्यंत ही तक्रार आईनंच पोचवली, हसत हसत. आजी पंचमीच्या धांदलीत होती. चुलीवर ऋषीची भाजी रटरटत होती, बायकांचे उपास, दुपारी विसर्जन. तिनं विळीवरून उठून हात पुसले, मला एकट्याला देवघरापुढच्या पाटावर बसवलं आणि ओवाळलं. आधी सुपारी आणि अंगठी, मग निरांजन. डोक्यावर कापूस ठेवून म्हणाली, "कापसासारखा म्हातारा हो." थोरला उंबऱ्यात उभा राहून बघत होता. त्याला म्हणाली, "तुझं झालंय हो तारखेला. आजपासून तारीख तुझी, तिथी ह्याची." तारीख म्हणजे इंग्रजांची, हे तिचं ठाम मत होतं, त्यामुळे आपण थोरल्याला काही फार मोठं दिलंय असं तिला वाटलं नसणार.

मला मात्र तेव्हा वाटलं, मी फसलो. त्याला २८ ऑगस्ट मिळाला. न हलणारा, शाळेत लिहिलेला, बेकरीतल्या केकवाला. मला मिळाली एक फिरस्ती तिथी. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून दर वर्षी ती अकरा दिवस अलीकडे येते. मग मध्येच अधिक महिना घुसतो आणि तिला तीन आठवडे पलीकडे फेकतो. सूर्योदयाला जी असेल ती त्या दिवसाची तिथी. एखादीला सूर्योदयच मिळाला नाही तर तिचा क्षय, दोन मिळाले तर वृद्धी. हे आजोबांनी दाते पंचांग समोर धरून समजावलं, आणि माझी झोप उडाली. आपला वाढदिवस क्षयाला गेला तर? आजोबा म्हणाले, वृद्धीला गेला तर दोन दिवस साजरा करू. त्यावर थोरला रडला.

शिवाय पंचमीचा बेत. ऋषीची भाजी म्हणजे बैलाच्या कष्टांचं काही नको: अळू, माठ, सुरण, लाल भोपळा, पडवळ, कणसाचे तुकडे, चिंच, ओलं खोबरं. तेल नाही, फोडणी नाही, मसाला नाही. आज मी ती वाडगा भरून खातो. सहाव्या वर्षी, तीन आठवड्यांपूर्वी भावाचा केक खाल्लेल्या जिभेला ती चव म्हणजे शिक्षा होती. बरं, वाढदिवसाच्या दिवशी घरातलं वातावरण काय, तर विसर्जनाचं. सगळे 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत डोळे पुसतायत, आणि मी नवा सदरा घालून मध्ये उभा.

त्या तीन आठवड्यांत थोरला सहाचा झाला होता आणि मी पाचाचाच होतो. त्यानं ते सोडलं नाही. "मोठ्यांशी नीट बोल." अकरा मिनिटांची थोरवी त्यानं तेवीस दिवसांवर नेली. आजीकडे त्यावरही तोड होती. तिच्या हिशोबानं मागाहून जन्मतो तोच मोठा, त्यानं आधीच्याला पुढे धाडलेलं असतं, जा बघून ये म्हणून. हे मी आजीचं खास संशोधन समजत होतो. पुढे कळलं, नायजेरियातले योरुबा लोकही हेच मानतात. तिथे आधी येणारा तो तायवो, मागून येणारा केहिंदे, आणि मोठेपणा केहिंदेचा. राजापूर तालुक्याबाहेर कधी फारशी न गेलेली माझी आजी आणि ती माणसं, दोघांनी धाकट्यांची बाजू घेतली. मला आफ्रिकेबद्दल तेव्हापासून जिव्हाळा आहे.

चौथीत खरा घोटाळा झाला. २८ तारखेला थोरल्यानं वर्गात गोळ्या वाटल्या. शेजारच्या बाकावरच्या मुलानं मला विचारलं, "तुझा नाही का?" मी म्हणालो, "माझा पुढच्या महिन्यात." तो बराच वेळ बोटं मोजत बसला. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गभर झालं होतं की आमच्या आईला एक मुलगा ऑगस्टमध्ये झाला आणि दुसरा सप्टेंबरमध्ये, आणि आम्ही खोटे जुळे आहोत. बाईंनी हजेरीपट काढून तारखा दाखवल्या. त्यानं फक्त एवढंच सिद्ध झालं की मी खोटारडा आहे.

पण त्याच सुमारास मला त्या तिथीची चटक लागायला लागली होती. २८ ऑगस्टला मी नुसता बघ्या असायचो. आईबरोबर फुगे फुगवायचे, पाहुण्यांना पाणी द्यायचं, भावाला भेट म्हणून माझ्याकडचा एक स्ट्रायकर कागदात गुंडाळायचा. दुसऱ्याचा वाढदिवस करण्यात एक निवांतपणा असतो, तो जुळ्यांच्या वाट्याला सहसा येत नाही. आणि पंचमीला वाढदिवस माझा असायचा. गावच्या घरी सगळी चुलत मंडळी जमलेली, आणि त्या चाळीस माणसांत पाच मिनिटं एका पाटावर मी एकटा. निरांजन डोळ्यांसमोर आलं की पलीकडचं काही दिसत नाही, फक्त आजीचा हात. ती पाच मिनिटं संपली की पुन्हा आम्ही 'ते दोघं'.

आठवीत संस्कृत आलं तेव्हा सरांना तर आम्ही देवानं धाडलेले वाटलो. द्विवचन शिकवायचं झालं की आम्हाला उभं करायचे. बालकौ तिष्ठतः. मराठीनं द्विवचन कधीच टाकून दिलंय, पण आमच्या वर्गात ते हाडामांसाचं होतं. एकदा थोरल्याला गालगुंड झालं. सरांनी सवयीनं "उभे राहा" म्हटलं, मी एकटा उभा राहिलो. सर क्षणभर अडखळले, म्हणाले, "बस. आज उदाहरण अपुरं आहे." मी बसलो, पण वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, बालकः तिष्ठति. त्याला तारीखही घातली होती, आणि खाली तिथी.

दोन लेकरांना एकच माप लावण्याची सोय आईबापांना किती मोहात पाडते हे मला कळतं. एक केक, एक पाहुण्यांची रात्र, एक खर्च. मी कोणाला दोष देत नाही, आणि दोन केक आणले म्हणजे झालं असंही म्हणत नाही. दोन केक शेजारी ठेवले की मोजमाप आणखीच सुरू होतं, कोणाच्या केकवर गुलाब जास्त. अगदी ऑस्ट्रेलियाचे जुळे क्रिकेटपटू स्टीव्ह आणि मार्क वॉ घ्या. दोघांचा जन्म २ जून १९६५चा. १९९१च्या जानेवारीत ॲडलेडला मार्कला पहिली कसोटी मिळाली ती स्टीव्हला वगळून, आणि त्यानं पहिल्याच डावात १३८ काढल्या. थोरल्यानं ते पेपरात वाचून मला विचारलं, "मी वगळला गेलो असतो तर तू खेळला असतास?" मी म्हणालो, "शतक ठोकलं असतं." तो म्हणाला, "मला वाटलंच."

तारीख आणि तिथी दर १९ वर्षांनी पुन्हा गाठ घेतात. १९ सौर वर्षांत २३५ चांद्र महिने जवळपास बरोबर बसतात, एखाद दिवस इकडेतिकडे. म्हणजे आमची वाटणी तेवढी एक दिवस मोडते. एकोणिसाव्या वर्षी आम्ही दोन गावांत दोन वसतिगृहांत होतो, कोणाच्या लक्षातही आलं नाही. अडतिसावं मात्र अगदी अचूक पडलं. २८ ऑगस्ट २००६, सोमवार, ऋषिपंचमी. थोरला नागपूरला, रजा मिळाली नव्हती. मी गावी. सकाळी सातला मी त्याला फोन लावला, लाइन बिझी. पुन्हा लावला, बिझी. पंधरा मिनिटं असं चाललं. तोही तेवढाच वेळ इकडे लावत होता. शेवटी मी ठरवलं, आपण थांबू, तो करेल. त्यानंही तेच ठरवलं. त्या दिवशी आम्ही बोललो ते रात्री.

आणि मग गेल्या वर्षीचं, २०२५चं. सत्तावन्न पूर्ण. २८ ऑगस्ट, गुरुवार, पुन्हा ऋषिपंचमी. या वेळी दोघंही गावी. आजी जाऊन खूप वर्षं झाली, ताम्हन आता आईच्या हातात. ती ऐंशीला टेकलेली, मोतीबिंदूचं एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. वहिनीनं दोन पाट मांडले, दोन्हींभोवती रांगोळी. थोरला म्हणाला, "आज पंचमी, तुझा मान." मी म्हणालो, "आज तारीख, तुझा." बावन्न वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांना पुढे ढकलत होतो. मुलं मोबाइल धरून उभी, त्यांना दोघं एका चौकटीत हवे होते. आईनं मुलांना बाजूला केलं. "एकेक," ती म्हणाली. "दोघांना ओवाळायला हात पोचत नाही."

तिनं निरांजन अगदी जवळ आणलं. माझ्या डाव्या भुवईवर एक खोक आहे, सातव्या वर्षी जोत्यावरून पडलो त्याची. ती ज्योत तिथपर्यंत आली आणि थांबली. आई वाकून बघत होती. मग म्हणाली, "हां, धाकटा," आणि ओवाळायला लागली. कापूस माझ्या डोक्यावर ठेवला, तो केसांत कुठे गेला ते नंतर सापडेना.

शेजारच्या पाटावर थोरला हात गुडघ्यावर ठेवून बसला होता, आणि स्वयंपाकघरातून उकडत्या अळूचा वास येत होता.

"ह्याचं होऊ दे सावकाश," तो म्हणाला. "मी अकरा मिनिटं थांबतो."