नजर चांगली असूनही न दिसणारी दुचाकी
साठी उलटल्यापासून नाशिकच्या रविवार कारंजावर रस्ता ओलांडताना समोरून येणारी बस मला स्वच्छ दिसते, परंतु डावीकडून घुसणारी दुचाकी अगदी अंगाशी येईपर्यंत जाणवत नाही. चष्म्याचा नंबर तपासून घेतला आहे, तेव्हा सगळा दोष डोळ्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मान न वळवता एका दृष्टिक्षेपात जेवढ्या भागातून माहिती टिपता येते, तो भाग वयानुसार आकसतो आणि भोवती गर्दी असेल तर अधिकच आकसतो. सरावाने मात्र तो पुन्हा थोडाफार रुंदावतो, हे मानसशास्त्रज्ञ कार्लीन बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले की, नको असलेले बाजूला सारण्याची क्षमता वयाबरोबर उणावते. मेन रोडवर औषधांचे दुकान शोधताना साड्यांच्या सेलच्या पाट्या वाचत बसणाऱ्या मला ते तत्काळ पटले (आमच्या सौभाग्यवती याचे कारण निराळे सांगतात). काय शोधायचे हे आधी ठाऊक असेल, तर त्या खुणेचा उपयोग ज्येष्ठ मंडळीही उत्तम करतात, वेळ तेवढा जास्त लागतो. म्हणून हल्ली मी निघण्यापूर्वीच दुकानाच्या पाटीचा रंग विचारून घेतो.