सरळ गेलेली नर्व्ह

डिसेक्शन हॉलमध्ये मानेचा भाग सुरू झाला की मी दरवर्षी एका नर्व्हची वाट बघते. रिकरंट लॅरिन्जियल. मेंदूतून निघालेली व्हेगस ही मोठी नर्व्ह स्वरयंत्राच्या शेजारून, मानेतून छातीकडे उतरते. तिची ही शाखा खाली गेल्यावर फुटते, एका मोठ्या धमनीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्राच्या स्नायूंना मिळते. डावीकडे वळसा महाधमनीच्या कमानीला, उजवीकडे हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीला. आपण बोलतो ते हिच्या जोरावर. थायरॉइडचं ऑपरेशन करताना सर्जन हिला जिवापाड जपतात, कारण हिला धक्का लागला की आवाज बसतो.

त्या बॅचमध्ये एक मुलगा होता. स्कालपेल उचलण्याआधी तो देहदात्यासमोर क्षणभर डोळे मिटून उभा राहायचा. काहीजण हसायचे. मला मात्र त्याचं कौतुक वाटायचं. शरीराला इतक्या आदराने हात लावणारे विद्यार्थी थोडेच असतात. गर्भविकासाच्या लेक्चरला त्याने उभं राहून सांगितलं होतं, "मॅडम, उत्क्रांती मी पेपरात लिहीन, पण मानणार नाही. हे शरीर कुणीतरी विचार करून घडवलंय. एवढं सगळं आपोआप जुळून येत नाही." मी म्हटलं, "मानू नकोस. टेबलावर आहेस तोवर नीट बघ."

त्याच लेक्चरला मी गेलनची गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या शतकातला हा वैद्य. ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतल्या या नर्व्ह बांधल्या की डुकराचा आवाज बंद होतो, हे त्याने लोकांसमोर करून दाखवलं होतं. नर्व्हचा तो उलटा वळसा बघून तो हरखून गेला. त्याचा तर्क असा: स्वरयंत्राच्या काही स्नायूंना ओढ खालून हवी, म्हणजे नर्व्हही खालूनच यायला हवी, म्हणून कप्पीवरून दोर फिरवावा तशी ती धमनीवरून फिरवली आहे. घडवणाऱ्याच्या कौशल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा, असं त्याला वाटलं. त्या मुलाने हे वहीत उतरवून घेतलं. पुढे उजव्या बाजूची नर्व्ह शोधण्याचं काम त्यानेच मागून घेतलं.

त्या सकाळी बराच वेळ तो एका जागेवर वाकून होता. मग हाक आली, "मॅडम, नर्व्ह नाहीये. माझ्या हातून तुटली बहुतेक."

मी येऊन बघितलं. सबक्लेव्हियन असायला हवी तिथे नर्व्हही नव्हती आणि धमनीही. व्हेगस स्वच्छ, अखंड. कापलेलं टोक कुठेच नाही. चिमट्याने डोक्याकडे जाणारी कॅरॉटिड धमनी हळूच बाजूला केली तर तिच्या मागे, स्वरयंत्राच्याच पातळीवर, व्हेगसमधून एक पांढरा धागा जवळपास आडवा निघून थेट स्वरयंत्रात शिरत होता. बोटभरही लांब नसेल. मी तो किंचित ताणला. स्वरयंत्राच्या कडेची, नर्व्ह जिथे आत शिरते ती जागा हलली.

माझ्या छातीत धडधडायला लागलं. हे पुस्तकात शिकवलं जातं. टेबलावर बघायला मिळणं नशिबाचं. वळसा न घेणारी, नॉन-रिकरंट नर्व्ह. शंभरात एखाद्या माणसात, तीही जवळजवळ नेहमी उजवीकडेच. छाती पुढच्या आठवड्यात उघडायची होती, ती आम्ही त्याच दुपारी उघडली. महाधमनीच्या कमानीतून एरवी तीन शाखा निघतात. इथे चार होत्या. चौथी, सगळ्यात शेवटची, उजवी सबक्लेव्हियन. ती डावीकडून निघून अन्ननलिकेच्या मागून उजव्या हाताकडे गेली होती.

सगळा हॉल त्या टेबलाभोवती जमला. मी फळ्यावर गर्भाची आकृती काढली.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात गर्भाच्या गळ्यापाशी कमानी तयार होतात. (गर्भाला कल्ले असतात असं विद्यार्थी हमखास लिहितात. तसं नसतं. माशांमध्ये ज्या कमानींचे पुढे कल्ले होतात, तशाच कमानी आपल्यातही येतात आणि त्यांचे जबडा, कानातली हाडं, स्वरयंत्र असे अवयव होतात.) प्रत्येक कमानीला आपली धमनी, आपली नर्व्ह. माशात व्हेगसच्या शाखा या धमन्यांच्या मागून सरळ कल्ल्यांकडे जातात, वळशाचा प्रश्नच येत नाही. आपल्यातही सुरुवात अशीच होते: सहाव्या कमानीची नर्व्ह सहाव्या धमनीच्या खालून जाते. पण पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं, धमन्या त्याच्याबरोबर खाली येतात आणि त्यांच्याखाली सापडलेली नर्व्ह ओढली जाते. उजवीकडे सहाव्या धमनीचा तो भाग नाहीसा होतो, म्हणून नर्व्ह चौथीला, म्हणजे सबक्लेव्हियनला अडकते. या माणसात उजवी चौथी धमनीही गर्भातच लोपली होती. अडकायला काही उरलं नाही. नर्व्ह जवळच्या वाटेने गेली.

जिराफाच्या मानेत हीच नर्व्ह छातीपर्यंत जाऊन परत येते, चार मीटरहून जास्त. नवी वाट काढायची सोय नाही. पूर्वजांकडून आलेली मांडणीच ताणत न्यायची.

तो मुलगा फळ्याकडे न बघता टेबलाकडे बघत होता. "म्हणजे सरळ गेली तरी चालतं?"

"चालतं. अशी माणसं बोलतात, गातात. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण वळसा घेताना ती हृदयाकडे, अन्ननलिकेला, श्वासनलिकेला फांद्या देते. म्हणजे वळसा अगदीच वाया नाही ना?"

मुद्दा बरोबर होता, आणि तसं मी सगळ्यांसमोर म्हटलं. "मग या माणसात त्या फांद्या कुठून गेल्या ते शोध." तो पुन्हा वाकला. तासभर गेला असेल. व्हेगसमधूनच परस्पर निघालेले बारीक धागे त्याने एकेक मोकळे केले, श्वासनलिकेपर्यंत, अन्ननलिकेपर्यंत. मग वर जाऊन सुपीरियर लॅरिन्जियलही दाखवली. तीही व्हेगसचीच शाखा, स्वरयंत्रालाच जाणारी, आणि ती तर प्रत्येकातच वरून जाते. गेलनची कप्पी गरजेची नव्हती, हे मी सांगितलं नाही. त्यानेच सांगितलं.

तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "काय रे, झाला का तुझा देव खोटा?"

मी त्याला तिथेच थांबवलं. मला याची मनापासून चीड येते. मी स्वतः कुणी कर्ता आहे असं मानत नाही, विद्यार्थ्यांनी विचारलं तर तसं सांगतेही. पण त्या टेबलावर जे दिसलं त्यातून एवढंच कळत होतं की ही नर्व्ह या जागी कशी आली, आणि आपली मांडणी माशांशी, जिराफाशी कुठे जुळते. त्यामागे कुणी आहे की नाही, याचं उत्तर चिमट्याच्या टोकाला येत नाही. खुद्द डार्विनने 1879 मध्ये एका पत्रात लिहिलं की माणूस निस्सीम आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो, याबद्दल शंका घेणंच त्याला हास्यास्पद वाटतं. जीवशास्त्रातल्या कशाचाच उत्क्रांतीवाचून अर्थ लागत नाही असं 1973 मध्ये मांडणारा थिओडोसियस डोब्झान्स्की हा श्रद्धावान ख्रिस्ती होता.

मात्र दुसऱ्या बाजूलाही मी सूट देत नाही. "तुमची श्रद्धा उत्क्रांतीवर, आमची निर्मितीवर, बरोबरी झाली" हे वाक्य मी वर्गात अनेकदा ऐकलंय, आणि ते मला मान्य नाही. चौथी धमनी लोपली की नर्व्ह सरळ जाणार, असं गर्भविकास सांगतो. म्हणूनच मानेत नर्व्ह सरळ दिसताच, छाती उघडण्याआधी मी फळ्यावर चौथी शाखा काढून ठेवली होती. ती तिथे निघाली नसती तर माझं म्हणणं पडलं असतं, तेही सगळ्या बॅचसमोर. श्रद्धा अशी पणाला लावता येत नाही, लावूही नये. प्रत्येक अवयव बिनचूक आहे यावरच ज्याची श्रद्धा उभी असेल, त्याला दर डिसेक्शनला नवी भीती. त्या मुलावर ती वेळ येऊ नये असं मला फार वाटत होतं.

तो हसणाऱ्याला काहीच बोलला नाही. हात धुताना मला म्हणाला, "घडवलंय असं मला अजूनही वाटतं. पण एका दमात घडवलंय असं आता म्हणता येणार नाही."

ते स्पेसिमेन आम्ही म्युझियमसाठी ठेवलं. त्याच्या कार्डावर 'कारण' असा रकाना असतो. बहुतेक कार्डांवर तो कोराच राहतो. त्याने तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: गर्भातील उजवी चौथी कमानधमनी लोपल्यामुळे.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा स्टाफरूमच्या दारात आला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की चिंपांझीत क्रोमोसोमच्या 24 जोड्या आणि माणसात 23, कारण पूर्वजातले दोन क्रोमोसोम जुळून आपला दुसरा क्रोमोसोम झाला. जोडाच्या ठिकाणी, म्हणजे मधोमध, एरवी मुख्यतः टोकाला सापडणारे टेलोमिअरचे क्रम आहेत, आणि निकामी झालेला एक जादा सेंट्रोमिअरही (पेशी विभागताना क्रोमोसोम जिथून ओढला जातो ती जागा) आहे. हे खरं का, असं त्याने विचारलं. मी खरं म्हटलं आणि पुढे समजावून सांगायला लागले, तर त्याने मला थांबवलं.

"समजावू नका, मॅडम. आधी जोड दाखवा."

मी जेनेटिक्सच्या सरांना फोन लावला.